कागदावरची खरखर

उकर्डाजी चोपडे यांच्यापुढे यंत्राच्या तारांचा नकाशा ठेवला की ते आधी हात धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत. मग खाकी पँटला हात पुसत कागद दारातल्या उजेडात न्यायचे, ओट्यावर पसरायचे आणि बॅटरीच्या खुणेवर करंगळी ठेवायचे. करंगळी रेघेवरून सरकू लागली की आम्ही कागदाकडे पाहत नसू, त्यांच्या तोंडाकडे पाहत असू. दोन-चार वळणे झाली की ते तोंड वाकडे व्हायचे. काकडीचा मोठा घास घ्यावा आणि ती कडू निघावी, तसे. मग "शी!" एवढाच उद्गार यायचा. ज्याने नकाशा काढला असेल त्याने मान खाली घालायची.

"करंट जाऊन राह्यला तो दिसला," ते म्हणायचे. "येऊन राह्यला तो कुठून? वापस येनार नाइ का तो? का सासरी नांदाले गेला?"

नांदुऱ्याला स्टेशनच्या पलीकडे, एका जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून आमचे वर्कशॉप होते. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील. खेड्याखेड्यांत वीज येऊ घातली होती. जिथे आली तिथे लोकांना ट्यूबलाइट हवी होती आणि ट्यूबलाइटला चोक लागतो. मालक किसनशेठ यांनी आडतीचा धंदा भावाच्या गळ्यात घालून चोक गुंडाळायला सुरुवात केली. मी पदविका घेऊन नवाच लागलो होतो. माझे काम डिझाइनचे, म्हणजे दुसऱ्याचा डबा उघडून आतले कागदावर उतरवायचे आणि खाली स्वतःचे नाव टाकायचे. उकर्डाजी तपासनीस होते.

ते देऊळघाटचे. घरचा भाजीपाल्याचा मळा. आधीची दोन भावंडे गेली म्हणून आईने हे असले नाव ठेवलेले, की यमालाही उचलावेसे वाटू नये. फौजेत त्यांनी बरीच वर्षे बिनतारी यंत्रांवर काढली होती, आणि तिथून ते एक दुखणे घेऊन आले होते. त्यांना खरखर सहन होत नसे. एखाद्या यंत्राने शेजारच्या यंत्रात केलेल्या लुडबुडीला मोठे शास्त्रीय नाव आहे, ते मी परीक्षेत पाठ करून लिहिले होते. उकर्डाजी तिला 'घाण' म्हणत. पिठाच्या चक्कीची मोटर सुरू झाली आणि कुणाच्या रेडिओवरचे भजन फुटले, की ते भर रस्त्यात थांबून थुंकायचे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे एका डबीचा नकाशा ठेवला. सेल न घालता रेडिओ विजेवर चालवायची डबी होती ती. त्यांनी रेघ तपासायच्या आधीच विचारले, "हे ठेवाचं कुठी?"

"टेबलावर," मी म्हणालो.

"कोनाच्या टेबलावर? बाजूले काय हाये? वरून कोनती तार जाऊन राह्यली?"

"ते आपल्याला कसं माहीत असणार?"

"मंग बनवून कायले राह्यला बे?"

कॉलेजात तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला राग आला. रागाच्या भरात मी म्हणालो की आधी बनवू, खरखर आली तर मग पाहू. तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून जे सांगितले ते मी पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो. "घर बांधताना मोरी आन् पान्याचा माठ एका जागी ठेवतं का? नाइ ठेवत. मंग घर बांधून झाल्यावर मोरी उचलून तिकडं नेता येते का? तेही नाइ येत. कागदावर हाये तोवर रबरानं खोडता येते, सुध्या. पत्रा कापला का छन्नी लागते. आन् माल लोकाच्या घरी गेला का मंग तोंड लपवासाठी उपरनं लागते."

सुध्या म्हणजे मी. खूश असले की सुध्या, चिडले की सुधाकरराव. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मी सुधाकरराव होतो.

वर्कशॉपचा त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि खरे सांगायचे तर वर्कशॉप तसेच होते. जिनिंगची सरकी आणि तंतू उडून आमच्या लाखेच्या भांड्यात पडत, त्यातच आम्ही चोक बुचकळत होतो. तारेचे तुकडे, बिड्यांची थोटके आणि चहाचे पेले एकाच टेबलावर. किसनशेठ दिवसातून चार वेळा यायचे आणि चारही वेळा म्हणायचे, "करून तं पाहू!" या तीन शब्दांची मला आज शिसारी येते. त्या वेळी मात्र त्यांत मला हिंमत दिसायची.

या सगळ्यात एकच स्वच्छ गोष्ट होती, उकर्डाजींची पट्टी. प्रत्येक चोक ते स्वतः तपासायचे. ट्यूब लावायचे, घरून आणलेला ट्रान्झिस्टर रेडिओ कानाशी धरायचे, पटले तर आत एक कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीवर 'तपासले' असे छापलेले, खाली शाईने सही: उ. चोपडे. मलकापूर-खामगावचे दुकानदार कंपनीचे नाव वाचत नसत. ते झाकण काढून पट्टी पाहायचे आणि मग माल उतरवून घ्यायचे. त्या माणसाकडे भावांच्या वाटणीतला अर्धा मळा आणि ही सही, एवढेच होते. मळ्याबद्दल ते कधी बोलत नसत. सही करताना मात्र कुणी टेबलाला धक्का दिला तर खेकसायचे.

एकदा चोकचा मोठा माल तपासून झाला, पण छापखान्यातून पट्ट्याच आल्या नव्हत्या. त्या आल्या तेव्हा उकर्डाजींना देऊळघाटाहून निरोप होता, आई पडली म्हणून. बस धरायची घाई. उभ्या उभ्या त्यांनी गठ्ठ्यावर सह्या ओढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "माल म्या पाह्यलेला हाये. तू फकस्त चिकटव. उरल्या तं जाळून टाक."

मी चिकटवल्या. उरलेल्या चाळीस-पन्नास खणात टाकल्या. जाळायचे राहून गेले, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

त्यानंतर दिव्याचे काम आले. ज्या गावांत वीज पोचली नव्हती त्यांच्या चावडीसाठी बॅटरीवर चालणारी ट्यूबलाइट हवी होती. सरकारी खात्याचे काम. पहिला दिवा लोणार तालुक्यात सुलतानपूरला लागायचा, महाराष्ट्र दिनाच्या संध्याकाळी, आणि तो पसंत पडला तर बाकीची गावे. असा दिवा करायला बॅटरीचा संथ करंट सेकंदाला हजारो वेळा तोडावा लागतो, मग तो चढवून ट्यूबला द्यायचा. हे तोडणे-जोडणे चालते तिथल्या तारा लांब ठेवल्या, तर त्या आसपास सगळीकडे ओरडत सुटतात. माणसाला ते ऐकू येत नाही. रेडिओला येते. आणि चावडीत त्या काळी काय असायचे? गावचा एकुलता एक रेडिओ.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण किसनशेठनी माझा नकाशा पुरा व्हायच्या आतच पेट्या बनवून घेतल्या. ट्रंका करणाऱ्याकडे पत्रा स्वस्तात पडून होता. निळ्या रंगाच्या चाळीस पेट्या, एका टोकाला बॅटरीचा कप्पा, दुसऱ्या टोकाला बाकीचे सामान, मध्ये हातभर अंतर. मी काय करायचे? पेटीला बसेल असा नकाशा काढला. आणि तो उकर्डाजींना दाखवला नाही. मला ते वाकडे तोंड पाहायचे नव्हते, बस्स. किसनशेठनी विचारले, "चोपड्याले दाखोलं?" मी म्हणालो, "दाखवलं."

जोडलेली पहिली पेटी टेबलावर पाहिली तेव्हा उकर्डाजींनी हात धुतले नाहीत. झाकण उचलले, आत पाहिले, झाकण पेटीवर कुठे टेकते तिथे नखाने रंग खरवडला. "रंगावर रंग टेकवला तं पत्रा एक होते का? करंट इकून निंगाला तं तिकडं जाऊन वापस येईस्तोवर साऱ्या गावाले सांगत येते. सुधाकरराव, हे पेटी माह्यापुढं कागद होऊन काऊन नाइ आली?"

मी म्हणालो, "चालते तर आहे."

त्यांनी पिशवीतून रेडिओ काढला. आणि इथे एक गोष्ट घडली जी फक्त आमच्यासारख्यांच्या हातूनच घडू शकते. हंगाम सरत आला तरी भिंतीपलीकडे जिनिंगच्या मोटरी धडधडत होत्या. आमच्या वर्कशॉपात दिवसा रेडिओ कधी लागलाच नव्हता. लावला की नुसता भट्टी पेटल्यासारखा आवाज. त्या आवाजात मी दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला. रेडिओत काही फरक नाही. मी सगळ्यांकडे पाहून म्हणालो, "पाहा, आहे का आपली घाण?" सगळे हसले. किसनशेठ सगळ्यांत मोठ्याने हसले.

"गढूळ पान्यात अजून मूठभर माती टाकली तं तुले काय दिसन बे?" उकर्डाजी म्हणाले. मग मालकाकडे वळले. "शेठजी, दोन दिस द्या. एक पेटी देऊळघाटले नेतो. मळ्यात ना तार हाये ना मोटर. तिथं आयकू. घाण निंगाली तं कागदावर दुरुस्त करू, पेट्या नवीन करू."

"चाळीस पेट्या भंगारात देऊ? करून तं पाहू, चोपडे!"

"मंग माही पट्टी लागनार नाइ."

ते गेल्यावर किसनशेठ माझ्याजवळ आले. पट्टी नसेल तर खाते माल घेणार नाही, हे त्यांनी मला ऐकवले. काय करायचे ते सांगितले नाही. "पाह्य तू काय ते," एवढे म्हणून पान तोंडात टाकले. मी खण उघडला, एक पट्टी काढली आणि झाकणाच्या आत डिंकाने चिकटवली. बोटे चिकट झाली. ती मी धुतलीसुद्धा नाहीत, तशीच पँटला पुसली.

सुलतानपूरला उकर्डाजी आमच्याबरोबर आले. का येता, असे मी बसमध्ये विचारले तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आपल्या घरची घाण लोकाच्या अंगनात पडनार हाये. पाहाले तं जा लागन." पेटीच्या आत काय चिकटवले आहे हे त्यांना माहीत नव्हते. ती माझ्या मांडीवर होती.

चावडीपुढे सारे गाव जमले होते. बाया एका बाजूला, रेडिओ मधोमध खुर्चीवर, त्याला झेंडूचा हार. त्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांचे भाषण लागणार होते, ते नव्या उजेडात ऐकायचे असा बेत. खात्याच्या साहेबांनी कळ दाबली. ट्यूब फडफडली, लागली, लख्ख उजेड पडला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मग सरपंचांनी रेडिओ लावला.

त्यातून जे निघाले त्याला आवाज म्हणू नये. कुणी तरी पत्र्यावर वाळू ओतत होते आणि ओतायचे थांबतच नव्हते. सरपंचांनी बटणाचा कान पिळला, पेटी हलवली, रेडिओ उलटा केला. मी पुढे होऊन तारा हलवल्या. वाळू ओतणे चालूच. शेवटी बायांमधून एक म्हातारी उठली. "दिवा इझवा बाप्पा," ती म्हणाली. "आयकू तं द्या."

दिवा विझवला. रेडिओतून माणसाचा आवाज आला, स्वच्छ. कुणी तरी कंदील आणला. उद्घाटन झालेला दिवा कोपऱ्यात ठेवून सुलतानपूरने कंदिलाच्या उजेडात भाषण ऐकले.

भाषण संपल्यावर साहेबांनी झाकण उघडले, कंदील जवळ धरला आणि पट्टी मोठ्याने वाचली. "तपासले. उ. चोपडे. कोण हे चोपडे?"

"मी," उकर्डाजी म्हणाले.

"ही सही तुमची?"

उकर्डाजी पुढे गेले. पट्टी वाकून पाहिली. मग वळून माझ्याकडे पाहिले. हातात राहिलेला पेढा मी नुकताच तोंडात टाकला होता. तो गिळवेना आणि थुंकवेना.

"सही माहीच हाये," ते म्हणाले.

"दिवा तपासला होता?"

"नाइ."

"म्हणजे न तपासता सही ठोकली?"

"हाव."

लोक हसले. साहेब चिडले, किसनशेठनी सगळ्यांदेखत हात जोडले आणि "हा माणूस बदलतो साहेब" म्हणाले. मी मांडी घालून बसलो होतो तसा बसून राहिलो. तोंडातला पेढा विरघळून सगळीकडे पसरला होता. पेढा मी त्यानंतर खाल्लेला नाही, कुणाचा मुलगा पास झाल्याचाही नाही.

दुसऱ्या दिवशी उकर्डाजींना काढले. किसनशेठनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितले की तू पोरगा हुशार आहेस. त्या हाताचा घाम सदऱ्यातून लागला.

आठ दिवसांनी मी देऊळघाटला गेलो. उकर्डाजी वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होते. पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय चिखलात. मी बांधावर उभा राहून म्हणालो, "उकर्डाजी, मी चुकलो."

"हाव," ते म्हणाले आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवले.

"तुम्ही तिथे बोलला का नाहीत? पट्टी मी लावली हे तुम्हाला कळलं होतं."

तेव्हा त्यांनी फावडे टेकले. "बिघाड सापडला का तिथंच थांबू नये, त्याच्या मागं मागं जा लागते. पट्टी तू लावली. तुह्यापाशी आली कुठून? म्या देली. माल पुढं नसताना कागदावर सही केली. उरल्या तं जाळ म्हनलं, आन् जाळताना उभा राह्यलो नाइ. घाण तिथून निंगाली. तू तं लय नंतर आला." हे बोलताना त्यांचे तोंड तसेच वाकडे झाले होते. फरक एवढाच की त्या दिवशी समोर माझा नकाशा नव्हता. त्यांना स्वतःची किळस आली होती, आणि ती माझ्यामुळे आली होती.

"मी शेठला सांगतो. खात्यालाही लिहितो," मी म्हणालो.

"सांग ना. मले विचारून कायले सांगतं? सांगाचंच असतं तं सुलतानपुरात तोंड होतं तुले."

मी सांगितले नाही. कारणे होती, अशा वेळी ती नेहमीच हाताशी असतात. लग्न जमत होते, नोकरी नवी होती. उरलेल्या पेट्यांना आम्ही वर्षभर ठिगळे लावली. इथे एक कंडेन्सर, तिथे एक तारेची जाळी, वर टिनाचा आणखी एक पत्रा. खरखर एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने निघायची. शेवटी एका रविवारी मी घरी फळीवर तो दिवा नव्याने मांडला. बॅटरी सामानाला चिकटून, जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन. गावाबाहेर शेतात नेऊन रेडिओ लावला. स्वच्छ. कागदावर पाव तासाचे काम होते.

वर्कशॉप बुडाले. मी पुण्याकडे एका कारखान्यात लागलो. तिथे मी नियम केला: पत्रा कापायच्या आधी नकाशा तपासायचा, यंत्र कुठे ठेवणार आणि शेजारी काय असणार हे आधी विचारायचे, प्रत्येक करंटची परतीची वाट आधी दाखवायची. माल परत येणे थांबले. साहेब लोक खूश झाले. बाकीचे त्या तपासणीला 'जवंजाळ पद्धत' म्हणू लागले, कारण माझे आडनाव जवंजाळ. मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. उकर्डाजींना एकदा पत्र लिहायला घेतले होते, दोन ओळींपुढे गेले नाही. ते गेल्याचे त्यांच्या पुतण्याच्या कार्डावरून कळले, तेही महिन्याने.

त्यालाही बरीच वर्षे झाल्यावर मी एका लग्नासाठी लोणारकडे चाललो होतो. बस सुलतानपूरला थांबली, मी चहाला उतरलो. हॉटेलात दोघे जण वाद घालत होते, त्यातला एक दुसऱ्याला बोलूच देत नव्हता. गल्ल्यावरचा तरुण मालक त्याच्यावर ओरडला, "चोपड्याचा दिवा इझव बे आधी! त्याले बोलू तं दे."

मी विचारले, "चोपड्याचा दिवा म्हणजे काय?"

"असंच म्हनतेत इकडं," तो म्हणाला. "आमच्या बापाच्या वक्ताले कोनी चोपडे म्हनून लबाड मानूस होता. त्यानं दिवा आनला होता चावडीत. लावला का कोनाचंच आयकू येत नसे."

"तो दिवा चोपड्यांचा नव्हता," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण वाद घालणारे दोघेही वळून पाहू लागले. "चोपड्यांनी तो लावू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या सहीचा कागद मी चोरून चिकटवला. तो दिवा माझा होता."

"असं का?" त्याने माझ्याकडे नीट पाहिले. वय पाहिले, चष्मा पाहिला. "आडनाव काय म्हनलं तुमचं?"

"जवंजाळ."

"जवंजाळाचा दिवा," त्याने म्हणून पाहिले. पुन्हा एकदा म्हणून पाहिले. मग मान हलवली. "नाइ जमत काका. चोपड्याचाच बसला आता लोकाच्या तोंडात."

आणि माझ्यापुढे चहा ठेवून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.